सांताने दिलेला मफलर : 'द स्नोमॅन' मुलांबरोबर पाहताना

निळीशाई

रेमंड ब्रिग्जच्या 'द स्नोमॅन' या पुस्तकात सांताक्लॉज नाही, मोटारसायकल नाही आणि त्या मुलाला नावही नाही. १९८२ च्या चित्रपटात हे सगळं आहे. शिवाय सांताने मुलाला भेट दिलेला एक निळा मफलर आहे. त्या मफलरवरून आमच्या इमारतीतल्या मुलांमध्ये जे भांडण जुंपलंय ते अजून मिटायला तयार नाही. मलाही त्यात एक बाजू घ्यायची आहे, म्हणून हा धागा.

पुस्तक ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७८ चं पुस्तक, आत एकही शब्द नाही. मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो. दिवसभर खपून तो बर्फाचा माणूस करतो, त्याला टोपी-मफलर घालतो. रात्री झोप लागत नाही म्हणून दार उघडतो तर तो माणूस जिवंत झालेला. मुलगा त्याला घरात घेतो, सगळं घर हिंडून दाखवतो. मग तो माणूस मुलाचा हात धरून त्याला आकाशातून नेतो, समुद्रातल्या धक्क्यावर दोघं थोडा वेळ उभे राहतात आणि मग परत येतात. सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तर नुसता वितळलेला ढीग, त्यावर टोपी आणि मफलर. पुस्तक संपलं.

आम्ही राजारामपुरीत दर शनिवारी इमारतीतल्या मुलांना जमवून पुस्तकं वाचतो. हे पुस्तक दिवाळीपासून घरोघरी फिरतंय. शब्द नसल्यामुळे प्रत्येक पोर आपापली गोष्ट सांगतं. पाच वर्षांचा एक जण बर्फाच्या माणसाला चक्क "मामा" म्हणतो. कोल्हापुरातल्या मुलांची बर्फाशी ओळख म्हणजे वळवाच्या गारा आणि गोळेवाल्याचा गोळा, पण एकानेही "बर्फ असा का पडतो" म्हणून गोष्ट अडवली नाही.

आता चित्रपटाबद्दल. पुस्तकात एक पान आहे : आईवडील गाढ झोपलेत आणि बर्फाचा माणूस पेल्यात ठेवलेली कवळी आपल्या तोंडाला लावून बघतोय. आमच्याकडे या पानावर प्रत्येक वेळी गाडी थांबते. एक आठ वर्षांची मुलगी चौकटीवर बोट दाबून धरते आणि सगळ्यांचं हसून होईपर्यंत पान उलटू देत नाही. पडद्यावर तोच प्रसंग आला आणि बघता बघता गेलाही. ती ओरडली, "अवो थांबवा की! मी अजून बघितलो न्हाई!" मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. चित्रांच्या पुस्तकात वेळ मुलाच्या हातात असतो. कुठं रेंगाळायचं, कुठली दोन पानं एकदम उलटायची, मागं कधी यायचं, हे सगळं तेच ठरवतं. चित्रपट तो हक्क काढून घेतो. त्या बदल्यात तो काय देतो, एवढंच मग बघायचं उरतं.

पहिल्या अर्ध्या भागात पुष्कळ देतो. चित्रं पुस्तकासारखीच, रंगीत पेन्सिलीच्या रेघांची, किंचित थरथरणारी. उड्डाणाच्या वेळी गाणं सुरू झालं तेव्हा खुर्च्या सरकवणारी पोरंसुद्धा गप्प झाली. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. दोघं उत्तरेला जातात, तिथं बर्फाच्या माणसांची मोठी जत्रा भरलेली असते, सांता येतो, मुलाला निळा मफलर देतो. सकाळी माणूस वितळलेला दिसतो, मुलगा खिशात हात घालतो, तर मफलर तिथंच!

म्हणजे हे सगळं खरंच घडलं होतं, असा निकाल चित्रपटाने देऊन टाकला. पुस्तकात तो निकाल नाही. स्वप्न होतं की खरं, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. माझ्या मते तो मफलर नको होता. तुम्हाला काय वाटतं?

तांबडापांढरा

मी त्या दिवशी तिथंच होतो, माझा मुलगा मफलरवाल्यांचा म्होरक्या. त्याची बाजू मांडतो, कारण मला ती पटलीय.

तो म्हणतो, मफलर नसेल तर सगळे मोठे लोक म्हणणार "स्वप्न पडलं असंल तुला." आणि मोठ्यांनी तसं म्हटलं की विषय संपतो. पोराकडं दाखवायला काय तरी पाहिजे की नको? घरी आल्यावर त्यानं मला विचारलं, "पप्पा, तुमचा मित्र कोणाला दिसला नाही तर तुम्ही काय दाखवणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तुम्ही म्हणताय निकाल दिला. पण निकाल कुणाच्या बाजूनं दिला ते बघा. पोराच्या बाजूनं दिला. एरवी गोष्टीत लहान पोरांच्या बाजूनं निकाल लागतो कुठं?

चित्रवेडी

धागा वाचून राहवलं नाही. चित्रकलेचं शिक्षण कोल्हापुरातच झालं, त्यामुळे मी आधी रेघेबद्दल बोलणार.

त्या काळी बहुतेक ॲनिमेशनपटांत पारदर्शक शीटवर सपाट रंग भरत. झटपट होतं आणि चित्र स्थिर दिसतं. 'स्नोमॅन'च्या चमूने तसं केलं नाही. पुस्तकाचा पोत टिकावा म्हणून त्यांनी खडू-पेन्सिलीनं छटा भरल्या. प्रत्येक चित्रात छटा पुन्हा हाताने भरायची म्हटल्यावर त्या तंतोतंत जुळणं शक्य नाही, म्हणून तो पृष्ठभाग सतत हलत राहतो. निळीशाईंना थरथर दिसली ती हीच. सेकंदाला बारा चित्रं धरली तर सव्वीस मिनिटांची अठरा हजारांच्या वर जातात. दिग्दर्शन डायान जॅक्सन यांचं आणि स्टुडिओ टीव्हीसी, म्हणजे बीटल्सचा 'यलो सबमरीन' ज्यांनी केला तेच लोक.

आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, त्यांनी इथं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला. रंगवणाऱ्याने चित्रपट केला की प्रत्येक चौकट आधी चित्र म्हणून उभी राहते. 'स्नोमॅन'मध्ये मला तेच दिसतं. म्हणून आवाज बंद करूनही तो एकदा बघा.

एक गोष्ट मात्र चित्रपटाला जमलेली नाही आणि जमणारही नव्हती. पुस्तकात सुरुवातीला एका पानावर खूप छोट्या छोट्या चौकटी आहेत. घरातल्या घरात चाललेल्या उद्योगांना त्या बरोबर पुरतात. मग ते दोघं उडतात आणि चित्र एकदम मोठं होतं, पानभर पसरतं. पान उलटताना छातीत धस्स होतं ते त्या आकारामुळे. पडद्याची चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच. तिथं तो धक्का हॉवर्ड ब्लेकच्या संगीताने दिलाय. माझ्या मते त्या गाण्याची जागा नेमकी तीच आहे, पानाच्या आकाराची जागा सुराने भरून काढलीय.

पेठेतला

चित्रवेडी, गाण्याबद्दल अगदी सहमत. ते गायलाय पीटर ऑटी नावाच्या मुलाने, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या गायकवृंदातला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सुरुवातीला त्याचं नावच नव्हतं. १९८५ मध्ये ॲलेड जोन्सने तेच गाणं गायलं, ते गाजलं, आणि आजही पुष्कळ लोक चित्रपटातला आवाज त्याचाच समजतात. ऑटीच्या बाबतीत मला हे मनापासून लागतं.

सांताविषयी. चॅनल फोर ही ब्रिटनमधली वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झाली आणि हा चित्रपट २६ डिसेंबरला दाखवला. म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी. नाताळात दाखवायचा तर नाताळ आत आणायचाच, हे उघड आहे. शिवाय पुस्तकातली गोष्ट आहे तशी घेतली तर सव्वीस मिनिटं भरणं कठीण होतं. धक्क्यापर्यंत जाऊन परत यायचं, एवढंच आहे. मोटारसायकलही त्याच गरजेतून आलेली. पुस्तकात ते दोघं मोटारीत बसून दिवे लावतात-विझवतात, तेवढंच.

ब्रिग्जला स्वतःला सांताची कल्पना सुरुवातीला आवडली नव्हती. पण चित्रपटातला सांता त्याच्याच दुसऱ्या पुस्तकातून घेतलाय, 'फादर ख्रिसमस', १९७३. तेव्हा पाहुणा परका नाही, घरातलाच आहे.

निळीशाई

@पेठेतला, कारणं समजली आणि पटलीही. तरी माझा आक्षेप वेळ भरण्यावर नाही. मोटारसायकलला मी एका शब्दाने नाव ठेवलेलं नाही. मुलांना ती प्रचंड आवडली आणि मलाही. घरातले उद्योग वाढवले, काही बिघडलं नाही.

जत्रेमुळे बिघडतं. तोपर्यंत ही गोष्ट फक्त दोघांची असते. रात्र आहे, सगळं जग झोपलंय, एक मुलगा आणि त्याने हाताने घडवलेला एक माणूस. पुस्तकात धक्क्यावर ते दोघंच उभे आहेत आणि काहीही करत नाहीत. आमच्या मुलांना ते पान कधीच कंटाळवाणं वाटलं नाही. "आता ते काय बोलत असतील?" यावर सगळ्यात जास्त उत्तरं त्याच पानाला येतात. चित्रपट त्या दोघांना गर्दीत नेऊन सोडतो, आणि मुलगा पाहुण्यांतला एक होऊन जातो.

@तांबडापांढरा, "निकाल पोराच्या बाजूनं दिला" हे मी दोनदा वाचलं. जोरदार मुद्दा आहे. पण पुस्तकात पोराला पुराव्याची गरजच पडत नाही हो. त्याला कुणी विचारत नाही, तो कुणाला सांगत नाही. त्याची गोष्ट त्याच्याजवळ पूर्ण आहे.

कट्ट्यावरची_आजी

मी निवृत्त शिक्षिका. बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. मफलरच्या भांडणात मुख्य गोष्ट बाजूला पडू नये म्हणून लिहिते. बर्फाचा माणूस शेवटी वितळतो, आणि ते दोन्हीकडे आहे. चित्रपटाने एवढी भर घातली, पण शेवट बदलला नाही. तो परत उभा राहिलेला दाखवला असता तर मी हा चित्रपट मुलांना दाखवला नसता.

ब्रिग्जचे आईवडील १९७१ साली गेले आणि पत्नी १९७३ साली. त्यानंतर काही वर्षांनी हे पुस्तक आलं. वितळणं, मरणं ही निसर्गातली साधी गोष्ट आहे, त्यात उगीच भेसूर काही नाही, असं तो मुलाखतींत सांगत असे. पुस्तकात ते तसंच आलंय. शेवटच्या छोट्या चित्रात मुलगा पाठमोरा उभा आहे. त्याचा चेहरा आपल्याला दाखवलेलाच नाही. तो रडतोय की नुसता बघतोय हे कळत नाही, आणि म्हणून प्रत्येक मूल तिथं आपला चेहरा ठेवतं.

माझ्या नातीने हे पुस्तक बघितलं आणि म्हणाली, "आपला दिवाळीचा किल्ला पण असाच होतो." इतके दिवस माती कालवायची, बुरूज लिंपायचे, अळीव पेरायचे, मावळे मांडायचे, आणि एके दिवशी बघावं तर एक बाजू खचलेली. मी तिला लगेच "पुढच्या वर्षी परत करू" म्हटलं नाही. तोंडावर आलं होतं, पण आवरलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनेच विचारलं, "मावळे कुठं ठेवलेत?"

माझी सगळ्या पालकांना कळकळीची विनंती : चित्रपट संपल्या संपल्या दिवे लावून "मजा आली ना?" असं विचारू नका. निदान श्रेयनामावली संपेपर्यंत मुलांना अंधारात बसू द्या. त्यांना समजूत नको असते, थोडा वेळ हवा असतो.

तांबडापांढरा

आजी, तुमचं वाचून मुलाला जवळ घेऊन बसलो. मावळे आमच्याकडं पण आहेत, बुटाच्या खोक्यात, माळ्यावर. आणि एक सांगतो, राग मानू नका : तो मफलर म्हणजे ते मावळेच आहेत. किल्ला गेला, मावळे ऱ्हायले. मग मफलर नको कसा?

कट्ट्यावरची_आजी

राग कसला? उलट हे मला सुचायला हवं होतं. पण एक फरक बघा. मावळे आधीपासून मुलाचेच होते, किल्ल्याच्या आधीही आणि नंतरही. पुस्तकातही मुलाची स्वतःची टोपी आणि स्वतःचा मफलर त्या ढिगावर उरलाय. ते मावळे झाले. सांताचा मफलर तिसऱ्याने दिलेला आहे.

निळीशाई

आजी, मला नीट मांडता येत नव्हतं ते हेच. उरायचं होतं ते पुस्तकात आधीच उरलेलं होतं.

शाहूपुरीकर

मोठ्या पडद्यावर गेलेल्या इतर चित्रपुस्तकांबद्दल थोडं. मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ चं, साडेतीनशेपेक्षा कमी शब्दांचं. २००९ मध्ये स्पाइक जोन्झने त्यावर दीड तासाहून मोठा चित्रपट केला. पुस्तकातली राक्षसं बिननावाची आहेत. चित्रपटात त्यांना नावं आली, रुसवेफुगवे आले, आपसातली भांडणं आली. मला तो चित्रपट फार आवडतो, पण माझ्या सात वर्षांच्या मुलीला नाही दाखवणार. तो लहानपणाबद्दलचा, मोठ्यांसाठी केलेला चित्रपट आहे.

त्याच साली 'द ग्रफेलो' आला, सत्तावीस मिनिटांचा. ज्युलिया डोनाल्डसनच्या मूळ पुस्तकातल्या ओळी त्यांनी सोडल्या नाहीत. फक्त एक खारीची आई आणि तिची पिल्लं आणली, आणि उंदराची गोष्ट ती आई पिल्लांना सांगते असं केलं. पुस्तक मांडीवर घेऊन वाचतानाचं जे नातं असतं ते त्या एका युक्तीने पडद्यावर आलं. माझ्या मते भर घालायची तर अशी.

आणि शॉन टॅनचं 'द लॉस्ट थिंग'. तिथं पुस्तक ज्याने काढलं तोच अँड्र्यू रुहमनच्या जोडीने दिग्दर्शनाला बसला. पंधरा मिनिटांचा चित्रपट, २०११ चं ऑस्कर. लांबी बघा : पंधरा, सव्वीस, सत्तावीस. चित्रपुस्तकाला एवढीच लांबी झेपते. दीड-दोन तास ताणलं की पुस्तकातली मोकळी जागा आधी बुजते.

चित्रवेडी

शाहूपुरीकर, लांबीचा मुद्दा बिनतोड. आपल्याकडच्या पुस्तकांचं काय पण? माधुरी पुरंदरेंचं 'चित्रवाचन' घ्या. त्यातल्या एकेका चित्रात माणसंच माणसं, प्रत्येक जण काहीतरी करतोय. ते पंधरा मिनिटांच्या चित्रपटात कुणी आणलं तर मी पहिल्या रांगेत बसेन. आपल्या मुलांची आपली माणसं, आपले स्वयंपाकघरातले डबे, आपले जिने पडद्यावर हाताने काढलेले दिसावेत असं फार वाटतं. गावात एवढे चित्रकार आहेत.

पेठेतला

शाहू स्मारकमध्ये 'चिल्लर पार्टी' चळवळ मुलांना जगभरचे चित्रपट दाखवते, तिथं मुलं काय शांत बसून बघतात ते पाहिलंय. तसं काही झालं तर प्रेक्षकांची वाण पडणार नाही.

रंकाळा_संध्याकाळ

आमच्या गल्लीतही दाखवायचाय. दोन प्रश्न. आधी पुस्तक की आधी चित्रपट? आणि सुरुवातीला एक माणूस इंग्रजीत बोलतो ते मुलांना कळलं का?

निळीशाई

@रंकाळा_संध्याकाळ, आधी पुस्तक, नक्की. आणि एकदा नुसतं दाखवून नको. किमान पंधरा-वीस दिवस मुलांच्या हातात राहू दे, म्हणजे त्यांची त्यांची गोष्ट पक्की होते. मग चित्रपट बघताना ती भांडू शकतात. ज्या दोघांनी पुस्तक पाहिलं नव्हतं त्यांना मफलरमध्ये वाद घालण्यासारखं काही दिसलंच नाही, त्यांच्यासाठी ती एकच गोष्ट होती.

सुरुवातीच्या बोलण्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. एकात ब्रिग्ज स्वतः शेतातून चालत येतो. दुसऱ्यात गायक डेव्हिड बोवी माळ्यावर चढतो आणि खणातून तोच मफलर काढतो. आम्हाला बोवीचा मिळाला. तो आम्ही गाळून पुढं नेला, कारण त्यात मफलर पहिल्याच मिनिटाला दिसतो. तुम्हीही गाळा. पुढं सगळ्या चित्रपटात त्या एका गाण्याशिवाय शब्दच नाहीत. गाण्याचा अर्थ मध्येच सांगत बसू नका.

आवाज चांगला हवा. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर पुरत नाही, वेगळा जोडा. आणि चादर इस्त्री करून घट्ट ताणा, नाहीतर पेन्सिलीची रेघ दिसत नाही.

तांबडापांढरा

मग पुढच्या वेळी मफलरचा भाग कापणार काय?

निळीशाई

नाही. पूर्ण दाखवणार. माझं मत माझ्यापाशी, पण तुमच्या मुलाला तो मफलर हवाय आणि त्याने तो नीट कारण देऊन मागितलाय. फक्त चित्रपट संपल्यावर पुस्तकाचं शेवटचं पान उघडून मध्ये ठेवणार आहे, मुलांना पुन्हा बघता यावं म्हणून. आजींनी सांगितलं तसे दिवे जरा उशिरानेच लावू.

रंकाळा_संध्याकाळ

पुस्तक मिळेल का थोडे दिवस?

निळीशाई

मिळेल. सध्या कवळीच्या पानावाल्या मुलीकडे आहे. तिला विचारून ठेवते, शनिवारी वाचनाच्या वेळी येऊन घेऊन जा. शेवटचं पान जरा सुटलंय, ते सांभाळून उलटा.